टर्बो गार होईपर्यंत

मिचेल्स प्लेन वस्तीतल्या गॅरेजात मी बाकावर बसलो होतो, शेजारी तश्रीक उभा होता. मिस्त्री फुआद, ज्यांना सगळे बूटा म्हणजे थोरला भाऊ म्हणतात, ते त्याच्या गाडीखालून बाहेर आले.

"टर्बो जळला, पोरा."

"चिप तर तुम्हीच टाकलीत, बूटा," तश्रीक म्हणाला.

"चिपने गाडीची ताकद वाढते, मालकाची अक्कल नाही. गाडी जोरात पळवून आणल्यावर इंजिन लगेच बंद करतोस ना?"

"नदीमाच्या दारात करावीच लागते. आवाज ऐकून तिचे वडील बाहेर येतात."

"टर्बो गार होईपर्यंत दोन मिनिटं चालू ठेवायची. नाहीतर आतलं तेल करपतं."

"दोन मिनिटांत ते फाटकाशी पोचतात."

"मग पोचू देत. मारतात का?"

"मागणी घालायला कधी येतोस, असं विचारणार आहेत. नदीमानेच सांगितलं."

"बरं."

"बूटा, लगेच गार होणारा टर्बो मिळतो का?"

"तसला मिळत नाही. तू सूट शिवायला टाक."