आखूड फळी

बंदरावरच्या कचेरीत, माल सोडवायच्या रांगेत माझ्यापुढे लाकडाचे दोन व्यापारी उभे होते, मामा आणि भाचा.

"मामा, यंदा पाइनच्या आयातीत आपण शेजारच्या देशाला मागे टाकलं! इतकी वर्षं तेच पुढे."

"ते एकदम पुढे गेले, ते वर्ष आठवतंय?"

"घरं बांधत असतील."

"घराला लांब फळी लागते. त्यांनी सगळी माणसाच्या उंचीची मागवली होती."

"हां, साथ आली होती ना तेव्हा! शवपेट्यांना लागली असेल."

"साथ नंतर आली रे. लाकूड आधी उतरलं होतं."

"काहीतरीच तुमचं! आणि आपली यंदाची फळी तर कितीतरी आखूड आहे."

"तेच बघत होतो मघापासून. तुझी धाकटी आता केवढी झाली?"