बोगद्यापासून फिरलेले खूर

गुणवंता : टेप कशाले आनला मंग?

दीपाली : सांगितलं ना काका, खुरांचं माप घ्यायला. जंगलखात्याची नाकेदार आहे मी, पटवारी नाही.

गुणवंता : रोडवालेही असेच गोड बोलले होते. 'काका, फक्त मोजून राहिलो.' मोजता मोजता संत्र्याची अख्खी ओळ रोडात गेली. टेप आला का झाडं जातेत, येवढं समजते आमाले.

(सौंसर-लोधीखेड्याच्या रोडलगतचा बगीचा, त्यातच गुणवंताचं घर; आत स्वयंपाकघरात त्याची बायको सुनंदा. दिवस बुडायला आलेला. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकतो, तसा गुणवंता त्या टेपकडे बघत होता. बाईकडे त्याचं फारसं लक्षच नव्हतं.)

दीपाली : त्याच रोडखाली बोगदा केला ना, जनावरांसाठी? वरून गाड्या, खालून जनावरं. नीलगाई, म्हणजे तुमचे रोही, मस्त जात होते त्यातून. आता खूर बोगद्याच्या तोंडापर्यंत येतात अन् तिथून फिरतात. चढावरून सरळ रोडवर. परवा एक गाभण रोही ट्रकखाली आली.

गुणवंता : मंग ट्रकवाल्याले विचारा.

दीपाली : तुम्हालाच विचारते. बोगद्यातून निघालं की पहिला बगीचा तुमचा. फासा लावता?

गुणवंता : तोंड सांभाळा बाई! माह्या बापानं सश्याले गोटा नाही मारला कधी.

दीपाली : मग तारेत करंट?

गुणवंता : पाहा, हे असं. पहिले चोर ठरवा, मंग जागा दाबा. हाय का नाही?

सुनंदा : पहिले चाय घ्या दोघंही. आवाज रांधनीत येऊन राहिला. डिंपल येतच असंन, पोरीसमोर तमाशा नोका करू.

दीपाली : काकू, हे ओळखता? बोगद्यापाशी बाभळीच्या काट्याला अडकलं होतं.

सुनंदा : चिंधी? आना पाहू. अवं माय, हा त माह्या गुलाबी साडीचा काठ!

गुणवंता : गुलाबी साड्या ढिगानं भेटतेत बजारात.

सुनंदा : अन् हा हिरवा टाका? हिरव्या धाग्यानं म्याच शिवला. भावानं देली होती मोहगाववरून. तुम्ही त म्हनले, भांडेवालीले देली अन् बदल्यात दुधाचा गंज आनला!

गुणवंता : गंज आनला ना.

सुनंदा : कुठून आनला?

गुणवंता : ...दुकानातून.

दीपाली : बगीच्याभोवती जुन्या साड्या सगळेच बांधतात काका. वाऱ्यानं हलतात, जनावराला वाटतं माणूस उभा आहे. पण बोगद्याच्या तोंडाला?

गुणवंता : हो, बांधली. सांजच्याले बांधतो, सकाळी सोडतो. कोवळा फुटवा दिसला का रोही साफ करते. बगीच्याभोवती किती लुगडे बांधू? घरातले त सरले. म्हनलं, येते त्या दारालेच कडी लावा. मारलं नाही कोनाले, भेव दाखोलं.

दीपाली : पाणी इकडच्या बाजूला आहे. रोही येणारच. खालून नाही तर वरून, गाड्यांच्या मधातून.

गुणवंता : येऊ द्या. रोडवर काय होते त्याचं मी काय करू? माह्या घरचं कोनी हाय का तिथं?

सुनंदा : डिंपलचे बाबा... मांगं डिंपल पडली होती ना, तिची गाडी गिट्टीवर नव्हती घसरली.

गुणवंता : मंग?

सुनंदा : पोरीनं शपथ घातली होती मले. तुम्ही तिची सौंसरच्या दुकानातली नोकरी सोडाले लावसान म्हनून. रोही आडवा आला होता, ह्याच चढावर. ब्रेक मारला अन् पडली. मागून ट्रक. हातभर अंतरावर थांबला म्हने.

गुणवंता : अन् हे तू मले सांगतलं नाही?

सुनंदा : साडीचं तुम्ही सांगतलं होतं?

दीपाली : काका, आज बांधली का?

गुणवंता : ...बांधली. तुम्ही यायच्या पहिलेच आलो बांधून.

दीपाली : पोरगी निघाली का सौंसरहून? काकू, फोन लावा.

सुनंदा : लावूनच राहिली. रिंग जाते, उचलत नाही. गाडीवर असंन. देवा, माहा जीव घाबरून राहिला.

गुणवंता : बाई, टार्च हाय ना तुमच्याजोळ? तुम्ही चढावर उभ्या राहा, गाड्या हळू करा. मी बोगद्यापाशी नाल्यात उतरतो.

सुनंदा : विळा घेऊन जा. गाठी सोडत नोका बसू, कापा.

गुणवंता : तुयी साडी...

सुनंदा : कापा म्हनलं ना!

दीपाली : चला काका. अरे, माझा टेप ओट्यावरच राहिला.

गुणवंता : राहू द्या तिथंच. सकाळी दुसरं टोक मी पकडतो.