मास्तरांची तिसरी तुळस

चोरून ऐकायचं नाही, असं वहिदानं ठरवलं होतं. पण वेरूळच्या एसटीची रांग हलेना आणि पुढं तिच्याच शाळेत बागकाम शिकवणारे मास्तर तुळशीचं रोप छातीशी धरून उभे. रांगेत शेजारी उभ्या वच्छलाबाई त्यांना सोडतात व्हय!

"मास्तर, परत तुळस?"

"वर्षातली तिसरी. आधीच्या दोन्हींची मुळं कुजली."

"अन् शाळेत पोरांना तुम्हीच शिकवता नं?"

"मीच की! बोट खुपसून बघा, माती कोरडी लागली तरच पाणी घाला."

"मग घरी?"

"घरी सात माणसं. आंघोळ झाली की जो तो तुळशीला तांब्याभर घालतो."

"मग दटावा की त्यांना!"

"कोणत्या तोंडानं, वच्छलाबाई? घरात पहिली आंघोळ माझी असते."