हात लावला की चाल

(बुद्धिबळ स्पर्धेचा हॉल. पटांवर मोहरे मांडून झालेत. पहिला डाव सुरू व्हायचा आहे.)

भाची : मी उठणार नाही. पटाशेजारी माझ्या नावाची पाटी आहे.

सचिव : पाटी काल छापली. तुमचं सदस्यत्व आज सकाळी रद्द झालंय. राष्ट्रीय संघटनेचा सदस्य नसेल तर इथं बसता येत नाही.

मामा : अहो साहेब, रद्द कशासाठी? पोरीनं काय तुमचा पट चोरला?

सचिव : आपण कोण?

मामा : मामा हिचा. बस डेपोत मेकॅनिक आहे.

सचिव : त्याच डेपोतल्या स्पर्धेत खेळल्या ना या? आमची मान्यता नसलेल्या?

मामा : ती होय! ड्रायव्हर-कंडक्टरांची स्पर्धा ती. मीच ओढून नेलं हिला. बक्षीस काय, तर प्रेशर कुकर. त्याची अजून शिट्टी नाही वाजली धड!

भाची : मामा, तू गप्प बस. साहेब, तेव्हा असा नियमच नव्हता.

सचिव : गेल्या आठवड्यात झाला. आधीच्या स्पर्धांनाही लागू.

भाची : आधीच्या? मी उन्हाळ्यात खेळले!

मामा : म्हणजे वरातीमागून घोडं, आणि तेही लाथा झाडत.

सचिव : नियम सगळ्यांना सारखा.

भाची : सारखा कसा? ज्यांना तुम्ही विमानानं खेळायला पाठवता, त्यांना डेपोत कशाला जावं लागेल? आमच्यासाठी वर्षभरात दोनच स्पर्धा घेतल्यात. मग आम्ही खेळायचं कुणाशी, भिंतीशी?

सचिव : संघटना सोडून खेळा की. कोण अडवतंय?

भाची : तुम्हीच! तुमच्याशिवाय देशाकडून खेळता येत नाही, आणि तुम्ही खेळू देत नाही. दार एकच, त्याची कडीही तुमच्याच हातात. पुढच्या वर्षी माझं वय निघून जाईल. ज्युनियर संघासाठी ही शेवटची निवड आहे माझी.

सचिव : बाई, बुद्धिबळात हात लावला की चाल, तोच मोहरा खेळावा लागतो. त्या स्पर्धेला हात लावलात ना? मग भोगा.

मामा : आणि मोहरा नुसता सरळ करायचा असला, तर?

भाची : तर आधी सांगायचं, मामा. 'सरळ करते' म्हणायचं, मगच हात लावायचा.

मामा : ऐकलंत साहेब? लाकडाच्या घोड्यालासुद्धा आधी सांगतात.

सचिव : वाद पुरे. समोरची मुलगी येईल आता, तिला गुण द्यायचाय.

भाची : न खेळता?

सचिव : न खेळता.

भाची : मामा, माझी पिशवी घे.

मामा : अगं, अशी कशी उठतेस? भांड की!

भाची : भांडून झालं. चल.

सचिव : अहो, सांभाळून! तुमच्या बाहीनं घोडा तिरका झाला बघा. हं... झालं.

भाची : साहेब, घोड्याला हात लावलात.

सचिव : मी कुठं खेळतोय? सरळ केला फक्त.

भाची : आता सांगताय?