मावशीचं न आयकनारा स्पीकर

माहेर मायं वलगावचं. माय-बाप दोघंबी मजुरीले जात, पन मले आयटीआय करू दिलं, त्यायनं कवा नाही म्हनलं नाही. लगन होऊन अकोल्यात आली अन् जठारपेठेत रिपेरिंगचं दुकान टाकलं. मिक्सर, मोबाइल, अन् आता हे बोलनारे स्पीकर, हाक मारली का टाइम सांगते, गानं लावते, थे बी येतात.

तर काय सांगू तुमाले, आमच्या मांगच्या गल्लीत वच्छलामावशी रायते. शायेत खिचडी शिजवे, आता साखरेनं डोये गेले. तिच्या पोरानं, प्रमोदनं, तिच्यासाठी स्पीकर आनला. दिसत नाही ना, तर तिचं घड्याय थेच, बातम्या थ्याच, बुद्धवंदना बी त्याच्यावरच. वर्षभर चांगला चालला, अन् मंग मावशीचं आयकेच ना. खाटेवरून हाक मारू मारू थकली बिचारी. प्रमोद जवय जाऊन, तोंड लावून बोले, तर त्याचं आयके. मंग झालं, घरातल्यायनं ठरवूनच टाकलं का दोष मावशीच्या बोलीत हाय. कंपनीले फोन लावला, तर थो फोनवरचा पोट्टा बी म्हने, नवीन अपडेट आलं, आजीले शुद्ध बोलाले सांगा. अरे बाप्पा! वर्षभर समजत होतं ना तिचं? तवा का थे इंग्रजी बोले?

प्रमोद स्पीकर घेऊन दुकानात आला, संग मावशी. मी म्हनलं मावशी, बोल बरं याच्यासंग. तर मावशी मान खाली घालून, अडखयत, मला वेळ सांगा, असं म्हनाली. मला! माया अंगाचा असा भडका उडाला ना! जलमभर मले-तुले म्हननारी बाई, तिले घरातल्या घरात परीक्षेले बसवलं यायनं. प्रमोदची बायको मांगं मले म्हने, आजकाल सासूबाई लय बोलत नाहीत. काहून बोलन थे? तोंड उघडलं का सुधरवतात.

मी प्रमोदले म्हनलं, भाऊ, तुमी तिकडे दारात उभे राहा अन् तठून बोला, तुमचं शुद्ध. बोलला. काई नाही. मोठ्यानं बोलला. काई नाही. बटन दाबून गानं लावलं तर आवाज खनखनीत, म्हनजे बोलाचा भाग चांगला, आयकाचाच गेला. मंग मोबाइलमंदी स्पीकरनं आयकलेलं वाजवून पाह्यलं, तर जसं कोनी गोधडीतून बोलून राहिलं. खोललं. माइकच्या बारीक छिद्रायत फोडनीचा चिकट धूर अन् धूय बसली होती, अन् माइकले जागेवर धरनारी पट्टी एका बाजूनं सुटून आली होती. ठेवला होता ना गॅसच्या वर, फडताळात! साफ केलं, पट्टी नीट बसवली.

म्हनलं, मावशी, आता तू बी दुरूनच बोल, तुह्या मनानं बोल.

किती वाजले बे, मावशी म्हनाली.

त्यानं टाइम सांगितला. मावशीनं दोन्ही हातानं तोंड झाकलं. हसून राहिली का रडून, मले समजलंच नाही.

प्रमोद म्हने, चला, माइकच होता म्हनजे, झालं काम. बस, इतकंच. माइक होता! अन् इतके दिवस मायले जे बोललं, थे कोन वापस घेईन? मी तोंडावर म्हनलं त्याले. तर मावशीच म्हने, जाऊ दे बाई, माह्यासाठीच आनला ना त्यानं. मावशीनं सोडून दिलं, पन माया राग अजून गेला नाही, खरं सांगू का. आजबी कोनी तिची बोली सुधरवाले गेलं ना, तर मी भांडीन.

परवा तिच्या खिडकीखालून चालली होती. आत मावशी भाजीवालीसंग घासाघीस करून राहिली, सुनेवर ओरडून राहिली, मधातच स्पीकरले म्हने, तू गप बस रे, मी बोलून राहिली ना. असंच बोलत राहा मावशी. तुया आवाज या गल्लीत लय वर्षं राहो.