पट्टीखाली गेलेलं साल

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या स्टुडिओचे संचालक रत्नदीपजी सामंत, मुंबई कार्यालयातून वेळ काढून आलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती उत्तमराव शेजवळ, त्यांच्या पत्नी दर्शनाताई, आणि खोपटच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

उत्तमरावांवर चार चांगले शब्द बोलावेत, एवढीच सूचना मला आहे. चांगलेच बोलणार आहे. गोड असतील, याची हमी देत नाही.

ज्या ब्रिटिश वाहिनीचे कार्यक्रम आपण मराठीत आणतो, ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं 'अल्बियन हिस्टरी'. किल्ले, युद्धं, जुने कारखाने, आणि ते सगळं सांगणारा एक खोकणारा म्हातारा. कोण बघणार, असं आपण म्हणायचो. लोक बघत होते. पुढे लंडनमध्ये कोणाला तरी वाटलं की इतिहास म्हातारा दिसतो, म्हणून ती 'अल्बियन फॅक्ट' झाली. आणि गेल्या जानेवारीपासून नुसतंच 'ब्लिंक'. आधी इतिहास गेला, मग तथ्य गेलं, आता पापणी लवण्याएवढा वेळ उरला. नाव बदलणं हा गुन्हा नाही, मी लग्नात बदललं होतं. पण नावाबरोबर काय काय बदललं, हे या सभागृहाला माहीत नको का?

उत्तमराव आपले तपासनीस. तेवीस वर्षांचा आपला रिवाज असा की मजकुराच्या समासात त्यांनी पेन्सिलीने 'पाहिले' लिहिल्याशिवाय निवेदक माइकसमोर बसत नसे. मी मजकूर लिहिणारी, त्यामुळे आमची भांडणं रोजची. त्यातलं एक आज सांगते, कारण त्यात चूक माझी आहे.

२०१३ साली वाहिनीने कारखान्यांच्या गावांवर एक भाग केला. त्यात मानपाड्याचं एक रसायनांचं गोदाम होतं. तिथला अधिकारी रिकाम्या फरशीवर उभा राहून सांगतो, सगळी पिंपं हलवली, आता भीती नाही. तेव्हा ते खरं होतं. उत्तमराव स्वतः बसने जाऊन बघून आले होते. मी ओळ लिहिली, "आज इथे एकही पिंप उरलेलं नाही." ते म्हणाले, "बाई, साल घाला." मी म्हटलं, "साल घातलं की ओळ जड होते हो. निवेदक अडखळेल." अखेर तडजोड झाली. साल बोलायचं नाही, पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात दाखवायचं.

या मार्चमध्ये तोच भाग 'ब्लिंक'चा नवा कार्यक्रम म्हणून परत आला. नव्या रूपात तळाशी एक जाड केशरी पट्टी असते. ती बरोबर त्या सालावर बसली. उत्तमराव संकलकाकडे गेले. आपला सुशांत समोरच बसलाय, त्याला आठवत असेल.

"सुशांत, पट्टी वर घे."

"काका, नाही हलत. लंडनचा साचा आहे."

"मग साल वर घे."

"वर लोगो आहे."

"मध्ये?"

"मध्ये चित्र आहे ना काका."

"मग चित्र काढ."

आपण हसलात. त्या दिवशी आम्हीही हसलो. उत्तमराव मात्र तडक मानपाड्याला गेले. गोदामाच्या भिंतीपर्यंत पिंपं रचलेली होती, काहींच्या बुडातून पाझरत होतं. परत येऊन त्यांनी समासात लिहिलं, "साल नाही. चालणार नाही." तेवीस वर्षांत पहिल्यांदा भाग सहीविना गेला. पुढच्या आठवड्यात तपासणीचं टेबल रद्द झालं, आणि ज्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती त्यांना आज आपण शाल घालतो आहोत. अध्यक्ष महाराज, हा योगायोग असेल तर आपण उभं राहून तसं सांगावं. मी खाली बसते.

ठीक आहे. मग पुढे बोलते.

गोदामामागच्या चाळीत जाईबाई राहतात. आपल्या स्टुडिओत वीस वर्षं आपल्याला चहा देणाऱ्या जाईबाई, आत्ताही मागे चहाच्या टेबलापाशी उभ्या आहेत. डोळे चुरचुरतात म्हणून डिसेंबरमध्ये त्या दोन्ही नातवंडांना घेऊन कल्याणला भाच्याकडे गेल्या होत्या. एप्रिलमध्ये परत आल्या. मी विचारलं, कशा आलात? तर म्हणाल्या, "आता काय भीती? टीव्हीत साहेब स्वतः सांगत होता. आणि तुमचंच लिवलेलं ना ते, बाई? शब्दांवरनं वळखलं मी."

मी चहाचा कप उचलला आणि जागेवर जाऊन बसले. संबंधित कार्यालयाला उत्तमरावांनी तीन पत्रं दिली. पोच मिळाली, माणूस आला नाही. वाहिनीला मी लिहिलं. उत्तर आलं की प्रेक्षकांचा प्रतिसाद उत्तम आहे, म्हणून भाग पुन्हा दाखवणार. आज रात्री आठ वाजता. अध्यक्ष घड्याळ पाहताहेत. मीही पाहते आहे.

लोक आपल्यावर विश्वास ठेवतात तो नावामुळे नाही. कोणीतरी जाऊन बघून आलंय, असं ते धरून चालतात. जाऊन बघणारा माणूस आज आपण घरी पाठवतोय. उद्यापासून कोण बघणार?

उत्तमराव, तुमच्या पेन्सिलीशी मी नेहमी वाद घातला. त्या एका वादात तुम्ही हरायला नको होतं.

संयोजकांनी बोलायला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. कोणाचा मान राखण्यात मी कमी पडले असेन, तर मोठ्या मनाने सोडून द्यावं.

जाईबाई, तुम्ही मात्र सोडून देऊ नका. मी लिहिलेलं ते आज खरं नाही. कार्यक्रम संपला की रिक्षा करू, नातवंडांना घेऊ, आणि आजपासून तुम्ही माझ्या घरी राहायचं. कपडे नंतर आणता येतील.