टबाखालचं दार

हसू नका, पण एम.एस्सी. झालेली मी, दोन रात्री एका पाइपापायी झोपले नाही. माझा नवरा संजय मालवाहू जहाजावर असतो. सहा महिने समुद्रात, तीन महिने रत्नागिरीत. बाथरूम नवं करताना त्याला टब हवा होता, चारी बाजूंनी लादी लावून बंदिस्त केलेला. मला एकच घोर, आतला पाइप गळला तर?

"गळला तर फोडूया वैनी, त्यात काय मोठा?" आमचे प्लंबर नाना म्हणाले.

फोडाफोडीच्या वेळी घरात असणार कोण? मी आणि चार वर्षांची मीरा. म्हणून मी हट्टच धरला, की नळाकडच्या बाजूला हात जाईल एवढं दार ठेवाच. नानांनी सरळ संजयला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"अगं, दार कसलं दिसेल ते! सलग लादी किती छान दिसते."

"दिसते कोणाला? तू असतोस किती दिवस बघायला?" मी बोलून गेले. नाना लगेच टेप घेऊन कोपऱ्यात काहीतरी मोजायला लागले.

जहाजाच्या इंजिनाच्या घरघरीतून संजय हळूच म्हणाला, "बरं, ठेव दार. तुझं घर आहे, तू ठरव."

जिंकले होते मी. तरी ते 'तुझं' मला टोचलं. मीराने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि विचारलं,

"बाबा, मग तुझं घर कुठे आहे?"